मिशन फेल : कथा सांगणाऱ्याने कंट्रोलर काढून घ्यावा का?

लष्करकर :
दिवाळीच्या सुट्टीत ग्वाल्हेरला आलेला माझा पुतण्या सध्या २०१८ चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ खेळत आहे. एरवी त्या अफाट मुलखात घोडा कुठेही दौडवू देणारा हा गेम कथेतले मिशन सुरू होताच इतका सोवळा होतो, की शत्रूला मागून गाठावे म्हणून मुलगा ठरलेल्या वाटेवरून जरा बाजूला सरकला, तोच मिशन फेल झाल्याची पाटी झळकली. त्याची युक्ती चुकीची नव्हती. ती लेखकाला सुचलेली नव्हती, एवढेच. माझे म्हणणे असे, की खेळाडूच्या हाती दिलेला कंट्रोलर कथेसाठी काढून घेणे ही लेखकाची कबुलीच आहे : मला हे खेळातून सांगता आले नाही, म्हणून आता नुसते पाहा. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने कटसीनशिवाय, म्हणजे खेळ थांबवून नुसते पाहायला लावणाऱ्या चित्रफितींशिवाय, गोष्ट सांगून दाखवली होती. मग ही अडवणूक कशासाठी? (पुढे काही गेमचे शेवट उघड होतील, जपून वाचावे.)

थाटीपूरकर :
आपण ‘हाफ-लाइफ’चे नाव घेतलेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. त्या गेमच्या आरंभी खेळाडू ट्राममधून प्रयोगशाळेकडे जातो. डब्यात त्याला फिरता येते, खिडकीशी उभे राहता येते. पण ट्राम रुळांवरूनच जाते आणि ती थांबवता येत नाही. खेळाडूला रूळ जाणवू दिले नाहीत, हे त्या गेमचे कसब. रूळ मात्र होतेच.

‘द लास्ट ऑफ अस’च्या (२०१३) शेवटी एली या मुलीला सोडवण्यासाठी नायक जोएल शस्त्रक्रियागृहात शिरतो, समोर डॉक्टर उभा असतो, आणि त्याला मारल्यावाचून गेम पुढे सरकत नाही. मी बराच वेळ तसाच थांबलो, दुसरी वाट शोधली, ती नव्हती. ती असती तर मी सद्गुणी पर्याय निवडून स्वतःवर खूश झालो असतो आणि जोएलची गोष्ट माझ्या चांगुलपणाची गोष्ट झाली असती.

लष्करकर :
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. आपण थांबलात, कारण ते बटण आपल्या बोटाखाली होते. कटसीनमध्ये तोच डॉक्टर मेला असता तर आपण चहाचा घोट घेतला असता. त्याच वर्षीचा ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ पाहा. त्यात कंट्रोलरची डावी बाजू थोरल्या भावाची आणि उजवी धाकट्याची. धाकट्याला पाण्याची भीती वाटते, म्हणून तो थोरल्याच्या पाठीला धरून नदी पार करतो. थोरला गेल्यानंतर पुन्हा पाणी आडवे येते, आणि उजव्या हाताने काहीच साधत नाही. ज्या बटणाला आता कोणी वाली उरलेला नाही, ते थोरल्याचे बटण दाबले, तरच धाकटा पोहू लागतो. हा प्रसंग चित्रपटात आणून दाखवावा.

दौलतगंजहून एक प्रेक्षक :
मी खेळत नाही. मुलगा खेळतो आणि मी शेजारी बसून मटार सोलता सोलता पाहते. कटसीन लागले की घर गप्प होते, आणि नंतर जेवताना आम्ही त्याच प्रसंगावर बोलतो. नियंत्रण मुलाच्या हाती आले, की मित्राच्या मृत्यूने आत्ताच कोसळलेला नायक दुसऱ्या क्षणी टेबलावर उड्या मारू लागतो आणि मेलेल्या माणसाचे खिसे चाचपतो. कथेचा विचका लेखकच करतो असे नाही. कृपया याचाही विचार व्हावा.

बंदिश :
ताईंनी अचूक बोट ठेवले. या विसंगतीचा एक प्रकार २००७ मध्येच चर्चेत आला होता. गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी ‘बायोशॉक’वर लिहिताना तिला ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असे जडजंबाल नाव दिले : खेळाचे नियम स्वार्थाला मोकळीक देतात आणि कथा मात्र परक्याला मदत करण्याची सक्ती करते, हा त्यांचा आक्षेप होता. ग्वाल्हेरकरांना यावरचा तोडगा परका वाटू नये. आपल्या घराण्यात बंदिश स्थायी-अंतऱ्यासह नीट मांडावी लागते आणि त्या चौकटीतच आलाप, बोलआलाप, ताना फुलतात. बंदिश लेखकाची, विस्तार खेळाडूचा. भांडण आहे कुठे?

थाटीपूरकर :
उपमा गोड आहे, म्हणूनच तिचा संशय येतो. गायकाला ते स्वातंत्र्य गुरूपुढे वर्षानुवर्षे बसल्यावर मिळते. आम्ही मात्र गेम विकत घेतला, की लगेच तानांचा हक्क मागतो. शिवाय खेळाडू गायक आहे की श्रोता, हे आपण ठरवलेच नाही. श्रोता मैफलीत मध्येच उठून राग बदलायला सांगत नाही.

लष्करकर :
ते गेमने ठरवावे आणि मग पाळावे. ‘ब्रदर्स’ मला आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जागी बसवतो. ‘रेड डेड’ रानभर मला गायक म्हणतो आणि मिशन लागताच श्रोत्यांत नेऊन बसवतो, तेही हातात तंबोरा ठेवून. दौलतगंजच्या ताईंचे मटार ध्यानात घेता कटसीनविरुद्धची तक्रार मी मागे घेतो. ही मिशनची तक्रार घेत नाही. पुतण्याने ते मिशन अखेर आखलेल्या वाटेने पूर्ण केले आहे, परंतु मागून जाण्याचा नाद काही सुटलेला नाही : मुद्दाम तेच मिशन पुन्हा उघडून बसला आहे, आणि सकाळपासून ती पाटी तीनदा झळकली आहे.