अनुभव धागा: हायब्रिड गाडीचे मायलेज वाढवताना आपल्याला काय उपयोगी पडले?

२०२२ मध्ये होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस या गाड्या एकापाठोपाठ आल्या आणि स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला काही अंतर एकट्याने गाडी चालवू शकणारी विजेची मोटर आणि बॅटरी असलेला प्रकार, मराठी मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. हायरायडर आणि ग्रँड विटाराचा प्रमाणित आकडा लिटरमागे २७.९७ किलोमीटर आहे, हायक्रॉसचा २३.२४ आहे. हे आकडे प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक चक्रात गाडी चालवून मिळवलेले असतात. आपल्या रस्त्यांवर, आपल्या उन्हात आणि आपल्या घाटांत या गाड्या प्रत्यक्ष काय देतात आणि ते वाढवण्यासाठी चालकाच्या हातात काय असते, याचे अनुभव एका जागी असावेत म्हणून हा धागा काढत आहे.

लिहिताना गाडी, गाव, ऋतू आणि मायलेज कसे मोजले ते अवश्य सांगावे. तार लावून चार्ज करायच्या गाड्यांचे गणित वेगळे असल्याने त्यांची चर्चा येथे नको.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नव्या मालकांचा बहुतेक गोंधळ तिच्यापाशी होतो. या गाड्यांच्या बॅटरीत येणारी वीज बाहेरून येत नाही. तिचा एक भाग इंजिनाने पेट्रोल जाळून तयार केलेला असतो आणि दुसरा भाग गाडी मंदावताना किंवा उतारावर परत मिळवलेला असतो. पहिल्या भागाचे पैसे आपण पंपावर आधीच दिलेले असतात, त्यामुळे खरी बचत दुसरा भाग वाढवण्यात आणि वेग वाया न घालवण्यात आहे.

पुणे, हायरायडर (धागाकर्ता)

सिंहगड रस्ता ते हिंजवडी हा माझा रोजचा मार्ग. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मला लिटरमागे २३ ते २४ किलोमीटर मिळतात, एप्रिल-मे महिन्यांत २१ च्या आसपास. ही मोजणी टाकी भरून केलेली आहे.

सर्वाधिक फरक ब्रेकच्या सवयीने पडतो. पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडून, हलक्या पायाने, लांबून ब्रेक लावत गेल्यास जवळजवळ सगळी मंदावण्याची क्रिया मोटर करते आणि ती ऊर्जा बॅटरीत जाते. शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक दाबला तर चाकांचे नेहमीचे ब्रेक कामाला लागतात आणि तीच ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. डॅशबोर्डावरील काटा ‘चार्ज’च्या पट्ट्यात राहील इतकाच ब्रेक लावणे, हा मी स्वतःला घालून दिलेला नियम आहे.

दुसरी बाब थोडी अनपेक्षित वाटेल. सिग्नल सुटल्यावर अतिशय हळू, केवळ बॅटरीवर, रेंगाळत वेग घेणे फायद्याचे नसते. या गाडीचे दीड लिटरचे इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचे आहे, म्हणजे त्याचा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि दाबण्याच्या टप्प्यापेक्षा प्रसरणाचा टप्पा लांब मिळतो. असे इंजिन मध्यम भाराखाली सर्वांत काटकसरीने चालते आणि फार कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. म्हणून मी मध्यम जोराने पन्नासपर्यंत वेग घेतो, पाय पूर्ण उचलतो, इंजिन बंद झाल्याचे दिसले की पुन्हा अगदी हलका पाय ठेवून मोटरवर वेग टिकवतो. मागच्या वाहनांची अडवणूकही यात होत नाही.

ईव्ही मोडचे, म्हणजे गाडी केवळ बॅटरीवर चालवण्याचे, बटण मी सोसायटीच्या आवारापुरतेच वापरतो. ते दाबून बॅटरी रिकामी केली की ती भरण्यासाठी इंजिनाला पुन्हा राबावे लागते, आणि साठवण्यात व काढण्यात थोडी ऊर्जा दोन्ही वेळा गळते.

ठाणे, सिटी ई:एचईव्ही

धागाकर्त्यांनी सांगितलेले ब्रेकचे तत्त्व माझ्या गाडीलाही लागू आहे, मात्र यंत्रणा निराळी आहे. शहरी वेगात आमचे इंजिन बहुतेक वेळ चाकांना जोडलेलेच नसते. ते जनरेटर फिरवते, जनरेटर वीज देतो आणि चाके मोटर फिरवते. महामार्गाचा स्थिर वेग आला की क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडले जाते. ऊर्जेचे रूपांतर दोनदा होण्याचा तोटा त्या वेळी टळतो, म्हणून पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा मिळाला की मी वेग ८० च्या आसपास स्थिर ठेवतो. वेग सतत कमी-जास्त करत राहिल्यास गाडी या अवस्थेत टिकत नाही.

स्टिअरिंगमागच्या पॅडलने मंदावण्याची तीव्रता बदलता येते. घोडबंदर रस्त्यावरील कोंडीत मी ती वाढवून ठेवतो, मोकळ्या रस्त्यावर कमी करतो, कारण तेथे गाडी नुसती घरंगळू देणे अधिक लाभाचे असते. चालत्या गाडीचा वेग हीच सर्वांत स्वस्त साठवण आहे. तो विजेत बदलून पुन्हा वेगात आणताना काही ना काही गमवावेच लागते.

कोंडीत उभे असताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची जुनी सवय टोयोटाच्या हायब्रिडमध्ये मोडावी लागते. पत्नीकडे ग्रँड विटारा आहे आणि तिच्यातही तेच तंत्र आहे. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी मात्र तिच्यावरच चालू राहतो. डी (पुढे जाण्याच्या गिअर) मध्ये ब्रेकवर उभे राहावे, किंवा फार वेळ लागणार असेल तर पी (पार्किंग) मध्ये.

नागपूर, इनोव्हा हायक्रॉस

आमच्याकडे प्रश्न दोन: समृद्धी महामार्ग आणि मे महिना.

समृद्धीवर मोटारींना १२० ची मुभा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १०० वरून १२० वर गेल्यास तो जवळजवळ ४४ टक्क्यांनी वाढतो. हायक्रॉससारख्या उंच आणि रुंद गाडीला तो फार जाणवतो. शिवाय सरळ, न थांबता धावणाऱ्या रस्त्यावर ब्रेकमधून परत मिळवण्यासारखे काहीच नसते. हायब्रिडचा मोठा गुण तेथे जवळपास निष्क्रिय असतो. मला १२० ला लिटरमागे १४ च्या घरात आणि १०० ला १७ ते १८ किलोमीटर मिळतात. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा १०० ने पार करायला सुमारे पन्नास मिनिटे अधिक लागतात. कुटुंब बरोबर असताना ती पन्नास मिनिटे मला मुळीच महाग वाटत नाहीत, आणि डांबरापेक्षा तापट वाटणाऱ्या त्या काँक्रीटवर टायरही कमी तापतात.

मायलेजसाठी टायरमध्ये ठरल्यापेक्षा बरीच जास्त हवा भरण्याचा सल्ला काही जण देतात. विदर्भातील उन्हाळ्यात तो कोणीही मानू नये. दाराच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेला दाब, सकाळी गाडी थंड असताना, इतकेच पाळावे. तेवढ्यानेही फरक पडतो, कारण बहुतेक गाड्या कमी हवेवरच धावत असतात.

उन्हाबद्दल सांगायचे तर या गाड्यांचा एसी कंप्रेसर विजेवर चालतो. उन्हात तापलेली गाडी थंड करताना बॅटरी झपाट्याने उतरते आणि उभ्या गाडीतही इंजिन वारंवार सुरू होते. सावलीत गाडी लावणे, निघताना खिडक्या उघडून कोंडलेली हवा बाहेर जाऊ देणे, त्यानंतर आतलीच हवा फिरवत २५-२६ वर एसी ठेवणे, एवढे केले तरी शहरातील आकडा स्पष्ट सुधारतो. बॅटरीला थंड ठेवणारी हवा ज्या जाळीतून जाते, ती आपल्या गाडीत नेमकी कोठे आहे हे पुस्तिकेत पाहून ठेवावे. तिच्यावर पिशव्या, चादरी ठेवू नयेत आणि धूळ साचू देऊ नये.

सावंतवाडी, ग्रँड विटारा

आमचे कोल्हापूरला वारंवार जाणे असते, त्यामुळे आंबोली घाटाबद्दल सविस्तर लिहितो. घाटात हायब्रिड कशी चालवावी याविषयी ठोस माहिती मराठीत मला फारशी आढळली नाही.

माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दीड टन मानू. आंबोली ते पायथा हा उतार उंचीने ढोबळमानाने ६०० मीटरचा. एवढ्या उंचीवरून उतरताना गाडीजवळ असलेली ऊर्जा जवळपास अडीच युनिट भरते. त्यातील काही भाग टायर आणि हवेचा रोध खातो, तरीही एक ते दीड युनिट उरते. आणि या गाडीच्या बॅटरीची एकूण क्षमता आहे ०.७६ युनिट! तीही आयुष्य टिकावे म्हणून पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली होऊ दिली जात नाही, वापरात मधलाच पट्टा असतो. साहजिकच घाटाची पहिली काही वळणे संपतात तोच बॅटरी भरते आणि उरलेला उतार साठवायला जागाच राहत नाही.

यावर उपाय असा, की घाटमाथ्यावर पोहोचताना बॅटरी उतरलेली असावी. आजऱ्याकडून येताना आंबोली गावातील गर्दीत आणि धुक्यात गाडी हळूच चालवावी लागते. तेथे मी ईव्ही मोड मुद्दाम लावतो. धागाकर्त्यांनी त्या बटणाबद्दल लिहिलेले बरोबरच आहे, पण पुढे उतार असताना रिकामी केलेली जागा पेट्रोलशिवाय भरते, हा त्याला अपवाद आहे.

बॅटरी भरली की मी गिअर बी मध्ये घेतो. मोटर त्या वेळी इंजिनाला पेट्रोलशिवाय नुसते फिरवते आणि त्याच्या रोधाने गाडी धरली जाते. इंजिनाचा आवाज बराच वाढतो. शेजारी बसलेल्या माणसाला वाटते की पेट्रोल जळते आहे, पण तसे नसते. ब्रेक तापू न देण्यासाठी ही सोय आहे आणि पावसाळ्यातील निसरड्या घाटात तिचे मोल पेट्रोलपेक्षा पुष्कळ मोठे आहे. सपाटीवर मात्र बी मध्ये गाडी चालवू नये. तेथे पाय उचलताच गाडी गरजेपेक्षा जास्त मंदावते, आणि डी मध्ये हलक्या ब्रेकने तेवढीच वीज मिळते.

चढताना पेट्रोल लागणारच. एकसारख्या मध्यम पायाने चढावे. वळणावळणाला थांबून पुन्हा उसळी घेणे तेवढे टाळावे.

नाशिक, माइल्ड हायब्रिड

आमच्या गाडीवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेले असले तरी ती केवळ विजेवर एक मीटरही चालत नाही. सिग्नलला इंजिन बंद होणे आणि वेग घेताना छोट्या मोटरचा किंचित हातभार, एवढीच तिची मदत. वरील सूचनांपैकी स्थिर वेग, टायरची हवा आणि लांबून ब्रेक एवढ्या आम्हाला लागू पडतात. बाकीचे वाचून आमच्यासारख्यांनी अपेक्षा वाढवू नयेत.

टोरोंटो, रॅव्ह ४ हायब्रिड

येथे १०० किलोमीटरला किती लिटर, असा हिशेब करतात. उन्हाळ्यात मला साडेपाच लिटर लागतात, म्हणजे लिटरमागे सुमारे १८ किलोमीटर. जानेवारीत हाच आकडा साडेसातवर जातो. कारण गाडीतील हीटरला लागणारी उष्णता इंजिनाच्या पाण्यातून येते. शून्याखाली दहा अंशांत केवळ ऊब मिळावी म्हणूनही इंजिन चालू राहते. यावर आसनाचा आणि स्टिअरिंगचा हीटर लावून आतील तापमान दोन-तीन अंश कमी ठेवणे फार परिणामकारक ठरले. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरचा दाबही साधारण एक पीएसआयने कमी होतो, तो हिवाळाभर पाहावा लागतो. छोटी छोटी कामे एकाच फेरीत उरकावीत. प्रत्येक थंड सुरुवातीला इंजिन आणि धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तापवण्यात जाणारे पेट्रोल त्यामुळे वाचते. पुण्यातील माझ्या भावालाही डिसेंबरच्या सकाळी हाच फरक सौम्य प्रमाणात दिसतो.

सोलापूर, हायरायडर

मोजणीबद्दल लिहितो, कारण तीच चुकली तर वरील सर्व तुलना निरर्थक होईल. पडद्यावरचा आकडा माझ्या गाडीत प्रत्यक्षापेक्षा थोडा चढाच असतो. त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावे आणि तेथेच थांबावे. वीस लिटर भरताना एका लिटरचा फरक पडला, तर हिशेबात पाच टक्क्यांची चूक होते. म्हणून एका टाकीवर निष्कर्ष काढू नये. अनेक टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर असा आकडा धरावा.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉलही लक्षात घ्यावे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा सहा ते सात टक्के घटते. प्रत्यक्ष मायलेजमधील घट चारचाकीत १ ते ६ टक्क्यांपर्यंत, गाडी कशासाठी बनली आहे त्यानुसार, असे सरकारने २०२५ मध्ये सांगितले. आपली चालवण्याची पद्धत तीच असून आकडा एक किलोमीटरने उतरला असेल, तर सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी टायरची हवा, एअर फिल्टर आणि पेट्रोल या तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने तपासाव्यात.