भागवतातील पिंगला: अवधूताची गुरू की नुसता दृष्टान्त?

ओवीवाचक:
भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो आणि पृथ्वी, समुद्र, मधमाशी यांच्या पंक्तीत विदेहनगरीची गणिका पिंगला हिलाही बसवतो. एकनाथी भागवताचा आठवा अध्याय वाचताना प्रश्न पडला, की हा तिचा गौरव मानावा, की वैराग्य पटवण्यासाठी केलेला तिचा वापर? जाणकारांनी मत द्यावे.

सांजवात:
माझ्या मते गौरवच. नटूनथटून दारात उभी राहिलेली पिंगला रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक पुरुषात पैसेवाले गिऱ्हाईक पाहते, एक निघून गेला तर याहून जास्त देणारा दुसरा येईल या आशेने आत-बाहेर करत राहते आणि तशीच मध्यरात्र होते. तिला उपदेश करायला कोणी ऋषी येत नाही. वाट पाहण्याचा वीट येतो, त्यातूनच तिला विरक्ती सुचते, आणि आशा सोडून ती सुखाने झोपी जाते. अहल्येला उद्धारासाठी रामाची वाट पाहावी लागली, हिला कोणाचीच नाही.

मुक्तछंद:
सांजवात, आपले म्हणणे अर्धेच पटते, कारण ही विष्णूचीच कृपा असावी असे पिंगला स्वतः म्हणते. शिवाय भिक्षूने लाकडाच्या स्त्रीमूर्तीलाही पायाने स्पर्श करू नये, ही ताकीद त्याच अध्यायात, तिच्या कथेच्या थोडीच आधी आहे. हाडांचा सांगाडा, नवद्वारांतून झरणारा मळ, हे देहाचे किळसवाणे वर्णनही पिंगलेच्याच तोंडी घातले आहे. हे शब्द मला तिच्यापेक्षा संन्याशाचे अधिक वाटतात. (तिच्या घरी न आलेल्या गिऱ्हाइकांच्या वैराग्याविषयी मात्र कथा अवाक्षर काढत नाही!)

वाळवंट:
तुलनेसाठी बौद्धांच्या पाली परंपरेतील वैशालीची गणिका आम्रपाली पाहावी. बुद्धांना जेवू घालण्याचा मान सोडण्यासाठी वैशालीचे लिच्छवी लोक तिला एक लाख देऊ करतात, तेव्हा सगळी वैशाली दिली तरी तो सोडणार नाही, असे ती ठणकावते. वैराग्याआधीच तिला स्वतःचा आवाज आहे. आपल्याकडची मंगळवेढ्याची कान्होपात्रा मात्र गणिकेची मुलगी, आईचा व्यवसाय नाकारून पंढरीला आलेली. तरीही बेदरच्या बादशहाचे बोलावणे टाळण्यासाठी तिला विठ्ठलाच्या पायांशी प्राण सोडावे लागले, असे परंपरा सांगते. पिंगलेला निदान सुखाची झोप तरी मिळाली.