मदत हवी आहे: बाबांचं अंग सुजलेलं आणि बीपी मात्र पडलेलं. सेप्सिसमध्ये हे एकाच वेळी कसं होतं?

जाईजुई:
गेल्या महिन्यात बाबांना लघवीच्या जंतुसंसर्गातून सेप्सिस झाला, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव बिघडू लागले. अकरा दिवस आयसीयूत होते. आता घरी आलेत, काठी घेऊन चालतात. त्यामुळे हा धागा उपचार विचारण्यासाठी नाही. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, ती समजून घ्यायची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले तेव्हा बाबांचे हात फुगले होते. बोटातली अंगठी निघेना, शेवटी सिस्टरांनी बोटाला दोरा गुंडाळून ती काढली. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आणि मॉनिटरवर बीपी ७८/४०. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्यांत पाणी कमी पडतंय, अजून सलाईन देतोय." मी भांडले त्यांच्याशी. माणूस समोर पाण्याने फुगलाय आणि तुम्ही म्हणता पाणी कमी? थांबवा ते सलाईन, असं म्हणाले. "आतलं अस्तर खराब झालंय, गळतंय," असं काहीतरी त्यांनी घाईत सांगितलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

घरी आल्यावर फाईल वाचली. अल्ब्युमिन २.१. प्लेटलेट्स पहिल्या दिवशी १,८०,०००, तिसऱ्या दिवशी ५२,०००. लॅक्टेट ४.८. रक्तस्राव तर कुठेच नव्हता, मग प्लेटलेट्स गेल्या कुठे? हे सगळं वेगवेगळं बिघडलं की मूळ एकच? आणि ते अस्तर परत नीट होतं का?

कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा. शब्द अवघड असले तरी चालतील, मी दोनदा वाचेन.

सूक्ष्मदर्शी:
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. तुमच्या डॉक्टरांनी घाईत सांगितलं ते अगदी बरोबर होतं, फक्त त्याला दोन मिनिटं पुरत नाहीत.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकेरी थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. सर्वांत बारीक केशवाहिन्यांमध्ये तर जवळपास तेवढाच थर असतो, बाहेर स्नायूंचं वेष्टणसुद्धा नाही. या केशवाहिन्यांची रुंदी साधारण ५ ते १० मायक्रॉन आणि तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, म्हणजे ती बऱ्याच ठिकाणी अंग चोरूनच पुढे सरकते. इतक्या अरुंद जागी अस्तराला जरा काही झालं तरी रक्ताची वाट अडते.

या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला साखर आणि प्रथिनं यांची लव असते, ग्लायकोकॅलिक्स. मखमलीवर असते तशी. पाणी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) यांना आत धरून ठेवणं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स यांना अस्तराला चिकटू न देणं ही तिची कामं. सेप्सिसमध्ये सर्वांत आधी झडते ती हीच. जंतूंच्या भिंतीचे तुकडे आणि त्यांना पाहून आपल्याच पेशींनी सोडलेली टीएनएफ, इंटरल्युकिन यांसारखी रसायनं यांमुळे अशी विकरं मोकळी सुटतात, की ती ही लव मुळापासून कापत जातात. कापलेले तुकडे, उदाहरणार्थ सिंडिकॅन-१, रक्तात मोजताही येतात.

लव गेली की अस्तर उघडं पडतं. या पेशी एकमेकींना व्हीई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात. सेप्सिसमध्ये पेशी हे टाके स्वतःच आत ओढून घेतात आणि आखडतात. शिवण उसवावी तशा दोन पेशींमध्ये फटी पडतात. त्या फटींतून पाणी जातं आणि पाण्याबरोबर अल्ब्युमिनही. एरवी पाण्याला वाहिनीत धरून ठेवण्यात अल्ब्युमिनचा वाटा मोठा असतो. तेच बाहेर गेल्यावर पाणी आत थांबणार कसं?

बाबांच्या अंगात पाणी भरपूर होतं, पण ते वाहिन्यांच्या बाहेर होतं. अंगठी अडकली त्याचं आणि बीपी पडलं त्याचं कारण एकच.

रात्रपाळी:
वरचं सगळं बरोबर. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, त्यामुळे थोडं खाटेजवळून सांगते.

बीपी पडायला गळतीच्या जोडीने दुसरंही कारण असतं. अस्तराच्या पेशी एरवी मोजून मापून नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने वाहिनी सैल होते. सेप्सिसमध्ये ते बेसुमार तयार होतं आणि वाहिन्या पसरतात. म्हणजे टाकी मोठी झाली आणि त्यातलं पाणीही गळतंय. म्हणून सलाईनबरोबर नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू करतात, ते वाहिन्यांना आवळून धरतं. सरासरी दाब ६५ च्या वर ठेवायचा, असं साधारण लक्ष्य असतं. ७८/४० म्हणजे सरासरी ५२-५३. त्या आकड्याला मूत्रपिंडं फार वेळ तग धरत नाहीत. डॉक्टर घाईत का होते ते यावरून लक्षात येईल.

आम्ही पेशंटचं बोट दाबून सोडतो ते पाहिलं असेल. पांढरं झालेलं बोट साधारण तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. पाच-सहा सेकंद लागले की समजायचं, मॉनिटरवरचा आकडा काहीही म्हणो, बारीक वाहिन्यांतून रक्त फिरत नाहीये. गुडघ्यांभोवती जांभळट जाळी दिसते तीही त्याचीच खूण. मी पांघरूण वर करून आधी गुडघे बघते.

जाईजुई:
बाबांच्या गुडघ्यांवर अशी जाळी होती! मला वाटलं थंडीने झालंय, मी ब्लँकेट घातलं त्यांच्यावर. आणि प्लेटलेट्स?

सूक्ष्मदर्शी:
त्या वापरल्या गेल्या.

निरोगी अस्तर रक्त गोठू देत नाही. त्याच्या अंगावर थ्रॉम्बोमोड्युलिन असतं, ते प्रोटीन सी नावाच्या घटकाला जागं करतं आणि गोठण्याला लगाम बसतो. सेप्सिसमध्ये थ्रॉम्बोमोड्युलिन झडतं आणि त्याऐवजी टिश्यू फॅक्टर येतं, जे गोठण्याची सुरुवात करून देतं. लव गेल्यामुळे प्लेटलेट्स थेट अस्तराला चिकटतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू पकडायला स्वतःच्या डीएनएची जाळी फेकतात, तिच्यातही प्लेटलेट्स अडकतात. असंख्य केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होतात. रक्त कुठेही सांडलेलं नसताना मोजणीत प्लेटलेट्स कमी भरतात ते असं. पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात लॅक्टेट साचतं, म्हणून ते वाढण्यामागेही बंद पडलेल्या या गल्ल्या असतात, पण तेवढंच नाही. शरीरातलं अ‍ॅड्रेनालिन वाढल्यामुळे आणि यकृताचं काम मंदावल्यामुळेही ते चढतं. अल्ब्युमिनचंही तसंच, गळती आहेच, शिवाय अशा वेळी यकृत ते कमी बनवतं.

अजून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. या पेशींच्या पोटात कांडीसारख्या पिशव्या असतात, १९६४ साली वायबेल आणि पॅलेड यांनी त्यांचं वर्णन केलं. त्यांत अँजिओपोएटिन-२ भरून ठेवलेलं असतं. एरवी अँजिओपोएटिन-१ अस्तराला शांत आणि घट्ट ठेवतं. धोक्याचा इशारा मिळाला की पिशव्या फुटून दोन नंबर बाहेर पडतं, एक नंबरची जागा अडवतं आणि फटी आणखी रुंदावतात. एखाद्या जखमेपुरतं हे उपयोगाचं आहे, कारण पांढऱ्या पेशींना तिथे बाहेर पडायला वाट हवी असते. सेप्सिसमध्ये ते सगळ्या शरीरात एकदम होतं.

वाचनमात्र:
मध्येच विचारतो. अँटिबायोटिकने जंतू मेल्यावर हे थांबायला नको का? आणि अस्तर दुरुस्त करणारं औषध नाही का?

सूक्ष्मदर्शी:
अँटिबायोटिक लवकर मिळणं सर्वांत महत्त्वाचं, कारण आग लावणारे जंतूच. पण २०१६ च्या व्याख्येप्रमाणे सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयवांचं काम जिवावर बेतेल इतकं बिघडणं. जंतू मेले तरी तो प्रतिसाद लगेच ओसरत नाही.

फक्त अस्तरासाठी म्हणून असं सिद्ध झालेलं औषध आज नाही. सक्रिय प्रोटीन सी हे औषध म्हणून २००१ साली अमेरिकेत मंजूर झालं होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही आणि २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं गेलं. कागदावर इतकं चोख बसणारं औषध होतं ते. मला आजही त्याची हळहळ वाटते.

जाईजुई:
म्हणजे मी सलाईन थांबवायला सांगत होते ते चूकच होतं. त्यांनी माझं ऐकलं असतं तर?

रात्रपाळी:
ताई, तुम्ही विचारलं ते चुकीचं नव्हतं. सुरुवातीला पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली असा साधारण अंदाज असतो, त्यापुढे किती द्यायचं यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. गळक्या वाहिनीत ओतलेलं बरंचसं बाहेरच जातं आणि मग फुप्फुसं ओली होतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या क्लोव्हर्स चाचणीत सलाईन हात राखून देणं आणि सढळ देणं, दोन्हींत ९० दिवसांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. त्या क्षणी ते पूर्ण बंद करून चाललं नसतं, एवढंच.

अस्तर भरून येतं. उरलेल्या पेशी विभागून फटी बुजवतात, लव पुन्हा उगवते. बाहेर साठलेलं पाणी लसिकावाहिन्यांवाटे रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं सावरली असतील तर लघवीवाटे निघून जातं. आम्ही त्या दिवसाची वाट बघत असतो. फाईलमध्ये रोजच्या लघवीची नोंद असेल, बघा.

जाईजुई:
बघितली. चौथ्या दिवशी ६०० मिली, पाचव्या दिवशी ९००, सहाव्या दिवशी ३,४००. त्या आकड्याखाली कुणीतरी लाल पेनाने दोन रेघा मारल्यात. मी हे पान आधी दहा वेळा उलटलं असेल.

घोट्याजवळ अजून संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उठतो. ते काळजीचं आहे का?

रात्रपाळी:
इथून सांगता येणार नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना घोटा दाबून दाखवा आणि अल्ब्युमिन आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पुन्हा बघायचं का ते विचारा. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. मात्र धाप लागली, लघवी कमी झाली, ताप किंवा हुडहुडी आली, बोलण्यात गोंधळ वाटला, तर तारखेची वाट बघू नका, तेव्हाच घेऊन जा आणि दारातच सांगा की यांना मागच्या महिन्यात सेप्सिस होऊन गेलाय.