मदत हवी आहे: जपानमधील विद्यार्थ्यांचा निरोप कसा घ्यावा?

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील यावलची असून वर्षभर जपानमधील एका शाळेत इंग्रजी शिकवत आहे. येथील शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते आणि त्याबरोबर माझा करारही संपेल. जाणाऱ्याने सहकाऱ्यांना एकेक नग वेगळा बांधलेला खाऊ देण्याची येथे पद्धत आहे, म्हणून आपल्याकडचे केळीचे वेफर्स लहान पाकिटांत भरून देण्याचे मी ठरवले आहे; परंतु मुलांशी काय बोलावे, हे सुचत नाही, कारण बोलायला मोजकीच मिनिटे मिळतील आणि मला त्यांचा फार लळा लागला आहे. परदेशात शिकवून परतलेल्या खान्देशातील शिक्षकांनी, पुन्हा भेटीचे वचन देणे शक्य नसताना मुलांचा निरोप कसा घेतला, हे कृपया सविस्तर कळवावे.