मदत हवी आहे: पावसानंतर चोणकांच्या अंगावर लाल चट्टे

नमस्कार मंडळी, गोव्यात दिवाडी बेटावर खाजणातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट जमिनीतल्या) तळ्यात आम्ही चोणाक म्हणजे जिताडा सोडलाय. जोराचा पाऊस लागला आणि पाण्याचा खारेपणा 18 वरून थेट 6 पीपीटीवर (हजार भागांत 6 भाग मीठ) आला, तेव्हापासून मासे खायला येत नाहीत, मानशीजवळ (भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ) कडेला सुस्त उभे असतात. एक उचलून बघितला तर शेपटीचं टोक कुजून पांढरं झालेलं, पोटाखाली खवल्यांच्या मुळाशी लाल ठिपके. बॅक्टेरियाच वाटतोय पण व्हिब्रिओ की एरोमोनास? एवढ्या मचूळ पाण्यात दोन्ही जगतात ना! हे जंतू एरवीही तळ्यात असतातच, पाणी बिघडून मासा थकला की जोर धरतात, म्हणून आधी पाणी सुधारावं असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली जातो, दुपारी पीएच 8.8, म्हणजे अमोनिया पण जास्त विषारी होणार. मानस उघडून भरतीचं पाणी घेऊ का, की खारेपणा एकदम चढला तर अजून ताण येईल? दुकानदार अँटिबायोटिक घाला म्हणतो, पण लॅबमध्ये कल्चर केल्याशिवाय, म्हणजे जंतू वाढवून ओळखल्याशिवाय, मला ते पटत नाही, आणि मासे खातच नाहीत तर खाद्यातून औषध पोटात जाणार कसं? तपासणीला आजारी मासा जिवंतच न्यावा लागतो की बर्फात चालतो? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा, जीव टांगणीला लागलाय.