निवडणूक आठ दिवसांवर, आणि न्यायाधीशाची एवढी घाई?

रानवारा (२७ ऑक्टोबर २०२०)
अटलांटाकरांनी काल बॅरेटबाईंच्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या नेमणुकीवर इथे लिहिलं की सगळं राज्यघटनेला धरून झालंय, आता रडारड बंद करा. दोन ओळींत उत्तर देणार होते, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

घटनेला धरून झालं हे कोणीच नाकारत नाहीये. माझा संताप दिलेल्या शब्दाबद्दल आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच कोर्टाचे न्यायाधीश स्कॅलिया गेले, निवडणुकीला जवळजवळ नऊ महिने होते. न्यायाधीशांना मंजुरी देणाऱ्या सिनेटमधले रिपब्लिकन नेते मकॉनेल यांनी त्याच दिवशी जाहीर केलं की जागा नवा अध्यक्ष भरेल, लोकांना कौल देऊ द्या. ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं, तर मतदान सोडाच, साधी सुनावणीही झाली नाही. यंदा १८ सप्टेंबरला न्यायाधीश गिन्सबर्ग गेल्या आणि त्याच रात्री हेच गृहस्थ म्हणाले की ट्रम्पच्या उमेदवारावर मतदान होणार. काल झालं, ५२ विरुद्ध ४८. कोट्यवधी लोकांनी आधीच मतं टाकलीसुद्धा आहेत. म्हणजे लोक प्रत्यक्ष कौल देत असताना यांना आठ दिवस थांबवत नाही!

रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम तर २०१६ साली कॅमेऱ्यासमोर सांगून बसलेत की रिपब्लिकन अध्यक्षाच्या शेवटच्या वर्षात अशी वेळ आली तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. लोकांनी वापरले, आणि ग्रॅहमनीच सिनेटच्या न्याय समितीचे प्रमुख म्हणून बॅरेटबाईंचं नाव पुढे पाठवलं. सगळ्या रिपब्लिकनांत एकट्या सुझन कॉलिन्स विरोधात गेल्या.

अटलांटाकर
रानवाराताई, अर्धीच गोष्ट सांगताय. २०१६ ला अध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्याकडे होती, आज दोन्ही एकाकडे आहेत. १९९२ मध्ये खुद्द बायडन सिनेटमध्ये म्हणाले होते की निवडणूक होईपर्यंत बुशनी नाव पाठवू नये. २०१३ मध्ये खालच्या कोर्टांच्या न्यायाधीशांसाठी सिनेटमधली साठ मतांची अट डेमोक्रॅट नेते हॅरी रीडनी काढली, मकॉनेलनी तेव्हाच बजावलं होतं की पस्तावाल. आणि ट्रम्पचे आधीचे उमेदवार कॅव्हनॉं यांची सुनावणीत डेमोक्रॅटांनी ती धिंड काढल्यावर ग्रॅहमनी तुमच्यासाठी शब्द का पाळायचा?

वैदेही
कॅव्हनॉंचं कारण टिकत नाही. ती सुनावणी २७ सप्टेंबर २०१८ ची, ग्रॅहम तिथे कसे तावातावाने ओरडले ते सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर काही दिवसांतच, ऑक्टोबर उजाडल्यावर, त्यांनी जाहीर मुलाखतीत पुन्हा सांगितलं की ट्रम्पच्या शेवटच्या वर्षात प्रायमरी (उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुका) सुरू झाल्यावर जागा रिकामी झाली तर पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबू. म्हणजे राग येऊन गेल्यावर दिलेला शब्द आहे हा. १९९२ ला बायडन बोलले ते चूकच होतं, पण तेव्हा एकही जागा रिकामी नव्हती.

आणि मला काय सलतंय ते सांगते. हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, कोविड मदतीचं विधेयक मेमध्ये मंजूर केलं. बेकारांना मिळणारे आठवड्याचे सहाशे डॉलर जुलैअखेर बंद झाले. सिनेटला त्यासाठी वेळ मिळाला नाही, न्यायाधीशासाठी मिळाला, आणि काल मतदान उरकून मंडळी ९ नोव्हेंबरपर्यंत घरी गेली. माझ्या नवऱ्याची नोकरी मेमध्ये गेली, तिच्याबरोबर विमा गेला. त्याला मधुमेह आहे. ओबामाकेअर, म्हणजे आधीपासून आजारी माणसालाही विमा नाकारू न देणारा कायदा, नसता तर त्याला कुठल्या कंपनीने दारात उभं केलं असतं? तोच कायदा रद्द करा म्हणणारा खटला १० नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टात आहे. ही घाई कशासाठी ते आमच्या घरात कोणाला समजवावं लागत नाही.

अटलांटाकर
नवऱ्याच्या नोकरीचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण व्हाइट हाउसने याच महिन्यात मदतीसाठी १.८ ट्रिलियन डॉलर देऊ केले होते, हाउसच्या डेमोक्रॅट सभापती पेलोसी नाही म्हणाल्या. तेही लिहा.

ईबीटूवाला
सिनेटचा विषय निघालाच आहे तर आमच्या ग्रीन कार्डाबद्दल कोणी बोलणार का? नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय सात टक्क्यांची मर्यादा काढायचं विधेयक हाउसने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर केलं. सिनेटमध्ये ते कोणाचं? माइक ली, यूटाचे पक्के रिपब्लिकन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अडवलं कोणी? डिक डर्बिन, डेमोक्रॅट. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, २०१६ ची. या महिन्यात निम्मी मित्रमंडळी आमची ईबी-टूची रांग सोडून ईबी-थ्री या खालच्या रांगेत उतरून अर्ज भरताहेत, माझी तारीख तिथेही लागत नाही. मुलगी सतराची आहे. एकवीसची झाली की माझ्या अर्जातून बाहेर. ती इथे चार वर्षांची असताना आली. तुमच्या न्यायाधीशापेक्षा मला हे मोठं आहे.

अटलांटाकर
हेच मी वर्षभर सांगतोय! भारतीयांचं काम करणारा माणूस रिपब्लिकन निघाला की सगळे गप्प.

वैदेही
गप्प कोण बसलंय? डर्बिन यांनी अडवलं ते अन्यायाचंच होतं, मी तेव्हा त्यांच्या ऑफिसला फोन केले होते. पण त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, तेच विधेयक तुमच्या जॉर्जियाच्या डेव्हिड पर्ड्यूंनी अडवलं होतं. या ऑगस्टमध्ये फ्लोरिडाच्या रिक स्कॉटनी. दोघंही रिपब्लिकन. आणि हेच पर्ड्यू १६ तारखेला मेकनच्या सभेत कमला हॅरिस यांच्या नावाची 'कमला-मला-मला' करून टर उडवत होते. सिनेटमध्ये तीन वर्षांहून जास्त दोघं बरोबर आहेत. अशा माणसाला मत देऊन तुम्ही भारतीयांच्या कामाच्या गप्पा मारता?

प्रभात रोड
गेल्या वर्षी ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये 'अब की बार ट्रम्प सरकार' ऐकून टाळ्या वाजवणारे आता कुठे आहेत? ट्रम्पच्या २२ जूनच्या आदेशाने बाहेर असलेल्या एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांना वर्षअखेरपर्यंत दार बंद केलं. माझा भाचा मार्चमध्ये आईच्या ऑपरेशनला पुण्यात आला. व्हिसाचा शिक्का संपलेला, कॉन्सुलेट बंद, मग हा आदेश. बायको आणि तान्हं बाळ तिकडे, हा इकडे.

अटलांटाकर
तुम्ही पुण्यात बसून आम्ही कोणाला मत द्यायचं ते सांगू नका. इथे टॅक्स मी भरतो, दुकान मी चालवतो.

प्रभात रोड
मत कोणाला द्या ते मी सांगितलंच नाही. माझ्या बहिणीचा मुलगा घरी जाऊ शकत नाही, त्यावर मी पुण्यातूनच बोलणार.

रानवारा
अटलांटाकर, दुकान, टॅक्स सगळं मान्य. ग्रॅहमनी शब्द मोडला की नाही, एवढंच सांगा. हो किंवा नाही.

अटलांटाकर
मोडला. तारखा वैदेहींनी दिल्यात, नाकारून काय करू? तरी बॅरेट लायक आहेत आणि मला तिथे त्याच हव्या होत्या. पर्ड्यूंचं ते मेकनचं बोलणं मलाही झोंबलं. माझ्या मुलीचं नाव मृण्मयी आहे, शाळेत तिचं काय होतं ते मला ठाऊक आहे. ट्रम्पला मत दिलंय, ते बदलणार नाही आणि बदलायचंही नाही. मतपत्रिकेवरचा सिनेटचा रकाना मात्र कोरा सोडला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये विधेयक का अडवलंत, ते आज पर्ड्यूंच्या ऑफिसला लिहून विचारतो.

ईबीटूवाला
स्कॉटच्या ऑफिसलाही लिहा. मजकूर मी देतो.