अंदमानला जाऊन आलेल्यांनो, काय बघितलंत?

दिवाळीच्या सुट्टीत घरची सहा माणसं अंदमानला जायचं म्हणतायत. निळ्या पाण्याचे फोटो पुष्कळ बघून झाले. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडची मंडळी जाऊन आली असतील तर सांगा, काय बघितलंत आणि कुठं फसलात?

शहापूर, बेळगाव:
सेल्युलर जेलला पूर्ण दिवस द्या. सातांपैकी तीनच इमारती उरल्यात. एका इमारतीतल्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडं, म्हणजे समोरासमोर तोंड दिसायला नको. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, टोकाला. १९११ ते १९२१ ते अंदमानात होते, थोरले भाऊ बाबारावही तिथंच. १९५० साली हेच सावरकर आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात होते. त्या रस्त्यानं मी रोज कामाला जाते, पण ते आठवलं कोठडीच्या दारात उभी राहिल्यावर.
खाली कोलू ठेवलाय. आमच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, त्याला बैल जुंपायचे. इथं लाकडी दांड्याला माणूस. सासूबाईंनी दांड्याला हात लावून बघितला नि काही न बोलता बाहेर जाऊन बसल्या. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बरा आहे, पण ती कोठडी दुपारी एकट्यानं बघावी.

खानापूर:
बाराटांग बेटाला जायचं तर पहाटे तीनला उठायची तयारी ठेवा. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या एका ताफ्यानं सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आमचा ड्रायव्हर मोबाईल खिशात घालायला लावायचा, ते योग्यच. माणसं बघायला जाऊ नये. पुढं बोटीनं कांदळवनातून जाताना फांद्या डोक्यावर येतात, वाकावं लागतं. मग पायी चुनखडीच्या गुहेत. छतातून चुन्याचं पाणी ठिबकून ठिबकून दगडाची झुंबरं झालीत, टॉर्च न्या. चिखलाचा ज्वालामुखी मात्र आम्हाला रबडीत बुडबुडे आल्यासारखा वाटला. भीमगडाचं रान बघितलेल्यांना जंगलाचं अप्रूप कमी, गुहेचं जास्त.

निपाणी:
नील बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीतच बघायला मिळतो. आम्हाला कुणी सांगितलं नाही, भरतीला पोचलो, गुडघाभर पाण्यातनं परत फिरलो. आदल्या दिवशीच हॉटेलात वेळ विचारून घ्या. आणि घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य सव्वा तास आधी मावळतो. साडेपाचला अंधार! राधानगरच्या किनाऱ्यावर ‘चारला निघू’ म्हणालात तर संपलं. बोट लागत असेल तर आलेपाक खिशात ठेवा. आईनं वेचलेले शंख विमानतळावर काढून घेतले, प्रवाळाचा तुकडाही आणायचा नसतो.

चिक्कोडी:
रॉस बेट सोडू नका. इंग्रजांचं मुख्य ठाणं होतं, आता चर्चच्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी मिठी मारलीय. छपराविना खोल्यांतनं हरणं फिरतात. टूरवाले घाई करतात, दोन तास मागून घ्या.

अथणी:
एक सूचना. २०२४ मध्ये अंदमानच्या राजधानीचं, पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम केलंय. बुकिंगवर ते वाचून आमचे सासरे म्हणाले, ‘विजापूरला विमान कशाला ओ? सकाळच्या बसनं जाऊ की!’